इस्पिकच्या नव्वीवरची सही

मार्करचं टोपण काढून मी "सहीला कोण येतंय?" असं विचारलं, की पहिले चार हात पुरुषांचे वर होतात. पाचवाही पुरुषच असतो, फक्त तो बायकोचा कोपर धरून तिला पुढे ढकलतो आणि ती स्टेजवर आली की तिच्या हातातला मार्कर स्वतः घेतो. "तिची सही सगळीकडे मीच करतो," असं एक गृहस्थ मला रोह्यात एका सोसायटीच्या कार्यक्रमात कौतुकाने म्हणाले होते. मी मार्कर काढून घेतला. माईक चालू होता, त्यामुळे मी पुढे जे म्हणाले ते सगळ्या मांडवाने ऐकलं. त्या सोसायटीने मला पुन्हा बोलावलं नाही.

मी जादूचे प्रयोग करते. वाढदिवस, लग्नातलं रिसेप्शन, कंपन्यांचे कुटुंब मेळावे, शाळांची स्नेहसंमेलनं, गणपती मंडळं, बचत गट. पेणपासून कोलाडपर्यंतचा पट्टा माझा. ससा, कबुतर माझ्याकडे नाही, मुक्या जिवाला पेटीत कोंबून टाळ्या मिळवणं मला पटत नाही. माझा मुख्य खेळ पत्त्यांचा, आणि त्यातला मुख्य पत्ता सही केलेला.

सही का घ्यायची, हे धंद्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. तुम्ही कॅटमधून बदामची राणी काढलीत, मी ती मधे खुपसली आणि चुटकी वाजवून वर आणली, तर तुम्ही लगेच म्हणणार, हिच्याकडे दोन राण्या आहेत. बरोबर आहे, शंका घ्यायलाच हवी. पण त्या राणीवर तुम्ही स्वतःच्या हाताने सही केलीत, की तो पत्ता जगात एकच उरतो. मग मी तो फाडला, हरवला, लिंबातून काढला, तरी तुम्हाला मानावं लागतं की हा तोच. सही म्हणजे प्रेक्षकाने माझ्यावर बसवलेला पहारेकरी. जादूगाराने स्वतःहून पहारेकरी मागून घ्यायचा, यातच खेळाची सगळी ऐट आहे.

बारीकसारीक गोष्टी खूप असतात. आपल्याकडच्या दमट हवेत मार्करची शाई वाळायला वेळ लागतो, तेवढा वेळ बोलत राहावं लागतं. प्लॅस्टिकचे पत्ते घामाने सटकतात, म्हणून मी कागदी वापरते. सही केलेला पत्ता मी त्या माणसाला घरी नेऊ देते, त्यामुळे आमच्या घरात एकावन्न पत्त्यांच्या कॅटचा ढीग आहे. गणपतीत शेजारी खेळायला कॅट मागून नेतात आणि दुसऱ्या डावाला खिडकीतून ओरडतात, "अगो, चौकटची सत्ती कुणाच्या घरी दिलीस?"

माझे दोन नियम आहेत. पहिला, प्रयोगाच्या आधी मी सांगते की ही हातचलाखी आहे, माझ्या अंगात कसलीही शक्ती नाही. एका मंडळाच्या अध्यक्षांनी विनवलं होतं, "ते वाक्य तेवढं गाळा की मॅडम, मजा जाते." मी म्हटलं, वाक्य जाणार असेल तर मीही जाते. दुसरा नियम, सही बाईची. पुरुषांच्या सह्या आयुष्यभर घेतल्या जातात. बाईला "इथे सही करा" याव्यतिरिक्त कुणी सहीसाठी विचारत नाही, आणि ती केल्यावर टाळ्या तर कुणीच वाजवत नाही.

हे नियम कुठून आले, ते उघड आहे. बाबांचा पेणमध्ये लहान छापखाना होता. लग्नपत्रिकांवर तो चालायचा आणि पत्रकांवर तोट्यात जायचा. बुवाबाजी, हुंडा, दारू, पाणीप्रश्न, प्रत्येकावर बाबांचं एक पत्रक. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. आजही मला साधी चिठ्ठी लिहायला सांगा, शेवटी "जाहीर निषेध" लिहायला हात शिवशिवतो. बुवा लोक करतात ते चमत्कार स्टेजवर करून दाखवायचे, म्हणून मी हातचलाखी शिकले आणि पुढे त्याच कलेवर पोट भरू लागले.

सह्यांच्या निमित्ताने माणसं कशी कळतात, याची दोनच उदाहरणं देते. एका कंपनीच्या मेळाव्यात मोठ्या साहेबांनी नियम मोडायला लावून स्वतः सही केली. चौकटच्या राजावर, ऐटदार, राजाच्या मिशीपर्यंत गेलेली. अर्ध्या तासाने साहेब कपाळावर घाम घेऊन सामानाच्या खोलीत आले. "ते कार्ड माझ्यासमोर फाडा."

"का हो?"

"अहो, त्या सहीवर गेटमधून टँकर सुटतो."

मी फाडलं. तुकडे त्यांनी खिशात घालून नेले. तेव्हा मी आठवडाभर हसत होते.

दुसरे रोह्याजवळच्या एका मुसलमान घरच्या लग्नातले म्हातारे चाचा. अर्धं आयुष्य आखातात काढून परतलेले. त्यांच्या सुनेला मी सहीसाठी बोलावलं तर तिने सासऱ्यांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "बेटी, आमच्यात पत्त्यांना हात नाय लावत. पन तुझा खेळ तर बघायचाय." थोडा विचार करून ते आत गेले आणि एक डबी घेऊन आले. तिकडच्या कंपनीने छापून दिलेली त्यांच्या नावाची व्हिजिटिंग कार्डं, जवळजवळ सगळी कोरीकरकरीत. "एवढी वर्षं कुनाला द्यायला भेटली नाय. घे, यांच्यावर कर." सुनेने सासऱ्यांच्या नावाच्या कार्डावर स्वतःची सही केली. मी तो खेळ त्या दिवशी केला तितका नीट पुन्हा कधी केलेला नाही.

आता जे सांगायचं आहे ते.

गेल्या दिवाळीनंतर कोलाडजवळच्या एका गावात बचत गटांचा मेळावा होता. दुपारची वेळ, समाजमंदिरात दीडेकशे बायका. मी पुढच्या रांगेतल्या एका पन्नाशीच्या बाईंना उठवलं. लीलामावशी. हिरवी, नव्या घडीची साडी, हातांना चिखलाच्या भेगा. त्यांनी पत्ता काढला, इस्पिकची नव्वी. मी मार्कर दिला तर त्या थांबल्या.

"कुठली करू गो? शाळेतली का लग्नानंतरची?"

सगळं समाजमंदिर हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "लीले, दोन्ही कर, नवऱ्याला कळू नको दे!"

"तुम्हाला आवडते ती करा," मी म्हटलं.

त्यांनी पत्ता मांडीवर ठेवला आणि सावकाश लिहिलं, "लीला धर्मा". धर्मा हे वडिलांचं नाव. ल ची शेपटी त्यांनी पुन्हा एकदा गिरवली. मग मी खेळ केला. नव्वी मधे घातली, वर आली. पुन्हा घातली, पुन्हा वर आली. शेवटी सहीसकट तिचे चार तुकडे केले, एक कोपरा मावशींच्या मुठीत दिला आणि बाकीचे माझ्या मुठीत धरले. मूठ उघडली तेव्हा पत्ता सांधलेला होता, फक्त कोपरा नव्हता, आणि मावशींच्या मुठीतला तुकडा तिथे बरोबर बसत होता. बायकांनी समाजमंदिर डोक्यावर घेतलं.

सगळ्या चहाला गेल्यावर मावशी माझ्यापाशी आल्या. पत्ता पदराने पुसत होत्या.

"ही सही फाटली होती ना गो?"

"हातचलाखी, मावशी."

"ते सांगितलंस तू आधी. पन परत आली ना?" आणि त्यांनी विचारलं, "तू ऱ्हातेस कुठं?"

आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी, त्या पेणला, रामवाडीतल्या आमच्या दारात उभ्या होत्या. एसटीने आलेल्या. हातात तांदळाच्या पिठाची पिशवी. पाणी प्यायल्या, घर बघितलं, पत्त्यांचे ढीग बघितले आणि एकदम बोलू लागल्या.

माहेर निडीजवळ. वडील मागल्या वर्षी गेले. मागे भात आणि वालाची जमीन, एक भाऊ बाळाराम आणि या. भाऊबीजेला त्या माहेरी गेल्या होत्या.

"ओवाळलं, जेवले. हात धुवून येते तं भाऊ कागद घेऊन बसलेला. बोलला, ताय, इथं कर, इथं कर आनि पाठीमागं एक कर. लग्नानंतरची सही कर. वाचला मी कागद, नाय असं नाय. हक्क सोडते असं लिवलेलं. पन साडी मांडीवर होती ना गो, त्यानं घेतलेली. मांडीवर साडी ठेवून नाय कसं बोलनार?"

"मग केलीत?"

"केली. बुधवारी रोह्याला हापिसात बोलावलंय. आता तू मला सांग, पत्त्यावरची आनलीस तशी माझी ती सही परत आनशील?"

माझ्या अंगावर काटा आला. तो दयेचा नव्हता, हे आज कबूल करते. मला वाटलं, ही बाई माझ्या खेळाला खरी शक्ती समजली. सुरुवातीला सांगितलेलं वाक्य वाया गेलं. मी सरसावून बसले आणि बाबांच्या पत्रकांतली सगळी आग गोळा करून म्हणाले, "मावशी, जगात जादू नसते. सही एकदा केली की केली. ती परत येत नाही. परत आणतो म्हणणारा कुणी भेटला, तर तो तुम्हाला फसवतोय असं समजा." आणि बाबांच्या गठ्ठ्यातून बुवाबाजीवरचं एक पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते नीट घडी करून पिशवीत ठेवलं. "बरं," म्हणाल्या. "मला वाटलंच." आणि चहाला न थांबता निघाल्या.

बाबा आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "तो कागद नोंदवलाय का?"

"बुधवारी नोंदवणार म्हणाल्या."

"मग सही परत येत नाही, हे तू कुठल्या अधिकाराने सांगितलंस? हक्कसोड नोंदवल्याशिवाय पुरी होत नाही. अधिकाऱ्यासमोर जाऊन तिने नाही म्हटलं की संपलं."

मी घड्याळाकडे बघितलं.

"तुला जादू खोटी पाडायची होती," बाबा म्हणाले. "ती बाई जादू मागत नव्हती. तिला कायदा विचारायचा होता, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं."

मी चपला न घालता स्टँडवर धावले. एसटी गेली होती.

अंधश्रद्धेविरुद्ध बोलायच्या नादात मी एका बाईला सांगून टाकलं होतं, की तुझ्या हातात काही उरलेलं नाही. कुठलाही बुवा याहून वेगळं काय सांगतो? दुपारी ओळखीच्या वकीलबाईंना विचारून खात्री करून घेतली. बाबांचं बरोबर होतं. मावशींचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोलाडची गाडी पकडली.

त्या शेतात होत्या. भात निघालेल्या खाचरात वाल वर आला होता आणि मावशी वाकून गवत उपटत होत्या. मला बघून सरळ झाल्या. "आता काय इसरलीस गो? पीठ परत द्यायला आलीस का काय?"

मी बांधावर उभी राहून सांगितलं. माझं चुकलं, हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण हात थांबले नव्हते.

"म्हंजे अजून माझी सही झालीच नाय?"

"झाली, पण पुरी झाली नाही. उद्या तिथे विचारतील, त्याला नाही म्हणायचं. नाहीतर जाऊच नका."

"जानार तं. नाय गेले तं बाळाराम बोलेल, ताय तोंड लपवते." थोडं गवत त्यांनी बांधावर फेकलं. "जमीन नको गो मला. मी कसायला थोडीच जानार हाय तिकडं. त्याला घर बांधायचंय, बँकवाले बोलतात सातबाऱ्यावर एकच नाव पायजे. मी वाईट नाय बोलत त्याला. कंपनीत कंत्राटावर हाय, तीन शिफ्टा करतो. पन आबांच्या नावाखाली माझं नाव होतं, तलाठ्याकडं मी सोता बघितलेलं. ते पुसायचं, आनि पुसायला माझाच हात लावायचा."

मी बोलू लागले. वारसा हक्क, समान वाटा, लढा. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"उद्या येनार असशील तं ये. पन तू बोलायचं नाय. एक शब्द नाय. कबूल?"

माझ्यासारखीला यापेक्षा अवघड अट घालता आली नसती. मी कबूल झाले.

बुधवारी रोह्याच्या नोंदणी कार्यालयाबाहेर बाळाराम आमच्या आधी आला होता. शिफ्ट संपवून थेट आलेला, डोळे लाल, शर्ट मात्र इस्त्रीचा. बहिणीला बघताच त्याने पिशवीतून वडापावची पुडी काढली. "ताय, खाऊन घे आधी, नंबराला वेळ हाय." माझ्याकडे बघून म्हणाला, "या कोन?"

"जादूवाली हाय," मावशी म्हणाल्या. "माझ्याबरोबर आली."

तो बावरला, पण मलाही एक वडापाव दिला. मी शत्रू बघायला आले होते आणि शत्रूच्या हातचा वडापाव खात बाकावर बसले होते. पत्रकांत अशा माणसाची सोय नसते.

नंबर आला. संगणकापुढच्या बाईंनी मान वर न करता रोजचा प्रश्न विचारला, "लीलाबाई, हक्क स्वखुशीने सोडताय ना?"

मावशी कागदाकडे बघत राहिल्या. बाईंनी पुन्हा विचारलं. बाळाराम हसून म्हणाला, "बोल ना ताय, व्हय बोलायचं फक्त."

"नाय," मावशी म्हणाल्या.

बाईंनी आता मान वर केली.

"ताय, काय बोलतेस?"

"स्वखुशीनं का असं इचारलं त्यांनी. मी खरं सांगितलं." मावशी थांबल्या नाहीत. "घर बांध. बँकेत बोलव, तुझ्याबरोबर बसून लागतील तेवढ्या सह्या करते. माझ्या वाट्याचं भात मागायला मी येनार नाय. पन नाव नको काढूस बाळा. आबांची मी पन हाय."

बाळारामने कागद उचलले. बाहेर आल्यावर तो बहिणीला काही बोलला नाही, माझ्यावर वळला. "तुमचा खेळ झाला मॅडम. तुम्ही जाल पेनला. उद्या हिच्या दारात कोन जाईल? तुम्ही?"

मला उत्तर द्यायचं होतं. जिभेवर एक अख्खं पत्रक होतं. पण शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न बरोबर होता. तो गाडीला किक मारून निघून गेला. मावशी पायरीवर बसल्या आणि पुडीत उरलेला अर्धा वडापाव हातात धरून रडल्या.

त्यानंतर प्रयोगाच्या शेवटी मी एक वाक्य वाढवलंय. पत्त्यावरची सही हा खेळ होता. कागदावरची वाचून करा, आणि केल्यावर मन बदललं तर जाणत्याला विचारा, सगळंच संपलेलं नसतं. आयोजकांना हे वाक्य पहिल्यापेक्षाही कमी आवडतं. पण दर दोन-तीन प्रयोगांनंतर एखादी बाई सामान आवरताना जवळ येते आणि आधी इकडचं तिकडचं बोलते. मी पत्रक काढत नाही. खुर्ची देते आणि कागद नोंदवलाय का ते विचारते.

मावशींना मात्र मी फोन करायला घाबरायचे. संक्रांत गेली, शिमगा गेला, बाळाराम आला नाही, फोन नाही. घराचं कामही अडलं होतं. मी विचारलं की त्या दुसरंच बोलायच्या, वाल किती झाला, गटाची बैठक कशी झाली. मी त्यांना हक्क मिळवून दिला होता की माहेर घालवलं होतं, हे मला ठरवता येत नव्हतं. अजूनही पुरतं येत नाही.

यंदा राखीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"गेले होते गो निडीला."

"घरी होता?"

"घरीच होता. भावजय बोलली, ताय बसा. मी पाट मांडला, ताट केलं आनि बसून ऱ्हायले. अर्धा तास असेल. तो आतल्या खोलीत. मी बोलवलं नाय. मग आला आनि बसला पाटावर."

"बोलला?"

"नाय. एक शब्द नाय. खाली मान घालून बसला." पलीकडे कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. "पन हात पुढं केला गो. मी मागितला नव्हता."